एआयने लिहिलेला कोड आणि एका ब्लॉगचे स्वयंचलन : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील ब्लॉग एकच लेखिका गेली काही वर्षे सातत्याने चालवत आहेत. शब्दांच्या व्युत्पत्तीवर आणि बदलत्या वापरावर त्या मराठीतून लिहितात. घटना घडली तेव्हा साइटवर सुमारे ४०० लेख होते आणि नवा लेख ईमेलने मिळावा म्हणून नाव नोंदवलेल्या वाचकांची संख्या १२० च्या आसपास होती. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवण्याच्या एका तयार प्रणालीवर, असून एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट मिळून वापरतात अशा सर्व्हरवर, ठेवलेली आहे. लेखिका प्रोग्रॅमर नाहीत, परंतु थीम (साइटचे रूप ठरवणारा साचा) बदलणे, प्लगइन (जादा सोय देणारी जोडणी) बसवणे, होस्टिंगच्या पॅनेलमधून फाइल उघडणे ही कामे त्या निर्धास्तपणे करतात. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. तांत्रिक घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

मी या प्रकरणात शेवटच्या टप्प्यात आलो, तेव्हा बिघाड होऊन गेलेला होता. त्याआधीची माहिती लेखिकांनी जपून ठेवलेल्या एआय सहायकाबरोबरच्या संभाषणांतून आणि साइटवरच्या फाइलींतून मिळाली. ती संभाषणे त्यांनी संकोच न करता दाखवली, म्हणूनच कोणता निर्णय नेमका कोठे झाला हे इतक्या स्पष्टपणे मांडता येते.

अडचण

लेखिकांच्या तीन गरजा होत्या. पहिली, प्रत्येक लेखाच्या वर वाचनाला लागणारा अंदाजे वेळ दिसावा आणि मुखपृष्ठावर लेखाचा छोटा उतारा आपोआप यावा. दुसरी, लेख प्रसिद्ध होताच यादीतल्या वाचकांना ईमेल जावी. तोपर्यंत हे काम त्या दर वेळी हाताने करत होत्या आणि त्यात बराच वेळ जात होता. तिसरी गरज दुव्यांची होती. देवनागरी शीर्षकावरून तयार झालेला दुवा ब्राउझरमध्ये नीट दिसतो, पण तो उचलून दुसरीकडे चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. यूटीएफ-८ या, संगणकात मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणीचे एकक) घेते आणि दुव्यात प्रत्येक बाइट ३ अक्षरांनी लिहिली जाते, म्हणजे एका चिन्हासाठी ९ अक्षरे खर्च होतात. वर्डप्रेसमध्ये दुव्याच्या या भागाला, म्हणजे स्लगला, २०० अक्षरांची मर्यादा आहे. मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे जेमतेम २२ चिन्हांत शीर्षक तुटते. त्यांच्या लांब शीर्षकांचे दुवे अर्ध्या शब्दावर संपत होते, हे त्यांना बरीच वर्षे खटकत होते.

तिन्ही गरजा खऱ्या होत्या. पुढे जे घडले ते वाचून कोणाला वाटेल की हौसेपोटी केलेला खटाटोप अंगाशी आला, तर ते बरोबर नाही.

विचारात घेतलेले पर्याय

लेखिकांनी चार पर्याय तपासले होते. तयार प्लगइन वापरणे हा पहिला. वाचनकाळ दाखवणारी दोन प्लगइन त्यांनी बसवून पाहिली; दोन्हींचे आकडे मराठी लेखांवर चुकत होते आणि प्रत्येक लहानशा सोयीसाठी एक नवे प्लगइन बसवून त्याच्या अद्यतनांवर लक्ष ठेवत राहणे त्यांना नको होते. दुसरा पर्याय एखाद्या प्रोग्रॅमरला काम देण्याचा होता. काम इतके तुटक होते की कोणी ते मनापासून घेईल असे त्यांना वाटले नाही, शिवाय पुढे दर दुरुस्तीसाठी त्याच व्यक्तीवर अवलंबून राहावे लागले असते. तिसरा पर्याय म्हणजे आहे तसेच चालू ठेवणे. चौथा, एआय सहायकाकडून हवा तो कोड लिहून घेऊन साइटमध्ये घालणे. त्यांनी चौथा पर्याय निवडला.

माझ्या मते ही निवड चुकीची नव्हती. चूक झाली ती तिन्ही गरजांसाठी मिळून एकच निवड करण्यात. वाचनकाळ दाखवणारा कोड चुकला तर तो काढून टाकला की साइट पूर्ववत होते. दुवे बदलणारा कोड डेटाबेसमध्ये, म्हणजे साइटचे लेख ज्या तक्त्यांत साठवलेले असतात त्यांत, लिहितो. तो काढून टाकला तरी त्याने लिहिलेले मागे राहते आणि आधीची स्थिती बॅकअपमधूनच मिळवावी लागते. पाठवलेली ईमेल तर कोणत्याही बॅकअपने परत येत नाही. कोड आपल्याला किती समजतो यापेक्षा त्याचा परिणाम परत फिरवता येतो का, हा प्रश्न या ठिकाणी जास्त महत्त्वाचा होता. तो तेव्हा विचारला असता तर ईमेलचे काम एखाद्या प्रस्थापित ईमेल सेवेकडे गेले असते, जुन्या दुव्यांना हात लागला नसता आणि वाचनकाळासाठी एआयचा कोड बिनघोर वापरता आला असता.

पहिला टप्पा : वाचनकाळ आणि उतारा

सुरुवात सर्वांत निरुपद्रवी कामापासून झाली, हे योग्यच होते. सहायकाने दिलेला कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये घातला आणि प्रत्येक लेखावर वाचनकाळ दिसू लागला. सगळीकडे ‘१ मिनिट’ असे दिसत होते. पहिल्या दिवशी तपासलेले दोन लेख खरोखरच लहान होते, त्यामुळे संशय आला नाही. एका दीर्घ लेखावरही ‘१ मिनिट’ पाहिल्यावर चूक उघड झाली.

कारण शिकण्यासारखे आहे. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीमधले शब्द मोजण्याचे तयार फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) रोमन अक्षरांच्या सलग गटालाच शब्द मानते. देवनागरी मजकुरासाठी त्याचे उत्तर शून्य येते, किंवा मध्ये आलेले इंग्रजी शब्द असतील तेवढेच. त्या शून्याचा आकडा वाचकाला दिसू नये म्हणून सहायकाने ‘किमान १ मिनिट’ अशी अट घातली होती. इंग्रजी साइटसाठी ही अट सौजन्याची ठरली असती; येथे तिने बिघाड झाकला. अट नसती तर ‘० मिनिटे’ असे दिसले असते आणि चूक पहिल्याच मिनिटाला कळली असती. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये अशी पांघरुणे पुष्कळ सापडतात, कारण कोड कोसळू नये याची काळजी त्यात आवर्जून घेतलेली असते. परीक्षण करताना मी आता सर्वांत आधी हीच शोधतो.

उताऱ्याच्या बाबतीत चूक निदान डोळ्यांना दिसली. पहिल्या कोडने मजकूर बाइट मोजून तोडला होता, त्यामुळे अनेक उताऱ्यांच्या शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह येत होते. तक्रार केल्यावर सहायकाने चिन्हे मोजणारे फंक्शन सुचवले. प्रश्नचिन्ह गेले, पण काही उतारे ‘प्’ असा पाय मोडलेल्या अक्षरावर संपू लागले आणि कोठे वेलांटी गळून ‘कि’चा ‘क’ उरला, कारण संगणकाच्या दृष्टीने मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. तिसऱ्या प्रयत्नात, मजकूर मोकळ्या जागेवर तोडून पूर्ण शब्द मोजायचे ठरले, तेव्हा दोन्ही कामे एकदमच मार्गी लागली. प्रत्येक वेळी सहायकाने चूक मान्य करून नेमकी दुरुस्ती दिली, आणि त्यातून लेखिकांचा एक समज पक्का झाला की चूक झाली तर ती दिसेल, दाखवली की दुरुस्त होईल. पहिल्या टप्प्यापुरता हा समज खरा होता.

याच टप्प्यात आणखी एक गोष्ट घडली. थीमचे अद्यतन झाले आणि फंक्शन्स फाइलबरोबर हा सगळा कोड पुसला गेला. सहायकाच्या सल्ल्याने तो एका छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये हलवला. हे सुरुवातीलाच व्हायला हवे होते.

दुसरा टप्पा : ईमेल

दोन महिन्यांनी ईमेलचे काम हाती घेतले गेले. विनंती एका वाक्याची होती : लेख प्रसिद्ध झाला की यादीतल्या सर्वांना ईमेल जावी. सहायकाने वर्डप्रेसच्या ‘पब्लिश-पोस्ट’ या हूकवर बसणारे फंक्शन लिहून दिले. हूक म्हणजे ठरावीक घटना घडताच आपला कोड चालावा यासाठी वर्डप्रेसने ठेवलेली खुंटी. चाचणीसाठी लेखिकांनी यादीत फक्त स्वतःचे नाव ठेवून एक लेख प्रसिद्ध केला, ईमेल आली, यादी भरून काम संपवले.

या हूकच्या नावावरून वाटते की तो लेख प्रथम प्रसिद्ध होताना एकदाच चालेल. प्रत्यक्षात आधीच प्रसिद्ध असलेला लेख उघडून, एक स्वल्पविराम बदलून पुन्हा जतन केला तरीही तो चालतो. फक्त पहिल्या प्रसिद्धीसाठी लेखाची आधीची स्थिती आणि नवी स्थिती यांची तुलना करावी लागते आणि त्यासाठी वर्डप्रेसमध्ये ‘ट्रान्झिशन-पोस्ट-स्टेटस’ हा वेगळा हूक आहे. वर्डप्रेस २००३ पासून वापरात असल्यामुळे त्यासाठीच्या उदाहरणांचा साठा प्रचंड आहे आणि पहिल्या हूकवर ईमेल बसवणारी उदाहरणे त्यात मुबलक आहेत. सहायकाने सर्वाधिक चाललेली वाट धरली असावी, असा माझा अंदाज आहे.

चाचणीत ही चूक सापडण्याचा संभव होता का? होता, पण त्यासाठी लेख दुसऱ्यांदा जतन करून पाहावा लागला असता. लेखिकांनी काम होते की नाही हे तपासले. होऊ नये तेव्हा होत नाही ना, हे तपासले नाही. योगायोगाने त्या जुने लेख क्वचितच दुरुस्त करतात. एकदा तसे झाले तेव्हा एका वाचकाने ‘हा लेख पुन्हा आला’ असे कळवले. लेखिकांना वाटले की ईमेल सेवेची काही गडबड असेल. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला हाच सर्वांत स्वस्तात हुकलेला क्षण आहे. चुकीचा एकुलता एक साक्षीदार समोर आला होता आणि पाच मिनिटांच्या चौकशीत कारण सापडले असते.

तिसरा टप्पा : दुवे

आणखी काही आठवड्यांनी दुव्यांचा प्रश्न हाती घेतला गेला. सर्व ४०० लेखांचे स्लग रोमन लिपीत करावेत, अशी विनंती एका नव्या संभाषणात केली गेली. नवे संभाषण हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आधीचा ईमेलचा कोड सहायकापुढे नव्हता.

कोड वेगाने चालावा म्हणून सहायकाने वर्डप्रेसची फंक्शने बाजूला ठेवून थेट डेटाबेसच्या तक्त्यात लिहिण्याचा मार्ग घेतला. साइटच्या पत्त्यापुढे एक ठरावीक शब्द जोडून पान उघडले की कोड चालेल, अशी व्यवस्था होती. चालवणारी व्यक्ती प्रशासक आहे की नाही याची तपासणी त्यात नव्हती; तो शब्द ज्याला ठाऊक असेल त्याला कोड पुन्हा चालवता आला असता. बदल काही सेकंदांत पूर्ण झाला आणि नवे दुवे सुबक दिसू लागले.

दोन दिवसांनी वाचकांच्या तक्रारी सुरू झाल्या. जपून ठेवलेले दुवे आणि इतर साइटवरून आलेले दुवे ‘पान सापडत नाही’ असे सांगत होते. एरवी लेखाचा स्लग संपादकातून बदलला तर वर्डप्रेस जुना स्लग लेखाच्या नोंदीत जपून ठेवते आणि जुन्या दुव्यावर आलेल्या वाचकाला नव्याकडे वळवते. पण ही नोंद लेख बदलल्याची घटना घडली तरच होते. थेट डेटाबेसमध्ये लिहिल्यामुळे ती घटना घडलीच नाही आणि ४०० जुन्या दुव्यांपैकी एकाचीही नोंद राहिली नाही. दुसरा घोटाळा लिप्यंतराचा होता. ‘ळ’ आणि ‘ल’ या दोन्हींसाठी, तसेच ‘ण’ आणि ‘न’ या दोन्हींसाठी रोमनमध्ये एकच अक्षर वापरले गेले. ‘काळ’ आणि ‘काल’ या शब्दांवर स्वतंत्र लेख होते. दोघांचा स्लग एकच झाला आणि त्यांतला एक लेख उघडेनासा झाला. वर्डप्रेसच्या फंक्शनमधून बदल झाला असता तर दुसऱ्याच्या शेवटी आपोआप ‘-२’ लागले असते.

येथे लेखिकांपुढे तीन मार्ग होते. होस्टिंगकडे रोजचा बॅकअप होता. पूर्ण डेटाबेस परत आणला असता तर दोन दिवसांतला एक नवा लेख आणि त्यावरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया गेल्या असत्या. बॅकअपमधून फक्त स्लगचा रकाना काढून परत बसवणे हा दुसरा मार्ग होता. तो त्यांना कठीण वाटला. तिसरा मार्ग सहायकाने सुचवला. बॅकअपवरून प्रत्येक लेखाला आधी जुना स्लग द्यायचा आणि मग पुन्हा नवा, पण या वेळी वर्डप्रेसच्या ‘अपडेट-पोस्ट’ या फंक्शनमधून, म्हणजे जुन्याची नोंद होऊन वाचक आपोआप वळवले जातील. त्यांनी हा मार्ग स्वीकारला.

तर्क निर्दोष होता. पहिली चूक फंक्शन टाळल्यामुळे झाली होती आणि आता योग्य फंक्शन वापरले जात होते. पण त्याच योग्य फंक्शनमुळे प्रत्येक बदलाला ‘पब्लिश-पोस्ट’ हूक चालणार होता आणि त्या खुंटीला ईमेलचा कोड टांगलेला होता. थेट डेटाबेसमध्ये लिहिणारा चुकीचा कोड या बाबतीत निरुपद्रवी ठरला होता. दुरुस्त कोडने प्रत्येक लेखासाठी दोनदा, यादीतल्या प्रत्येक वाचकाला ईमेल पाठवायला सुरुवात केली.

लेखिकांच्या स्वतःच्या पत्त्यावर एकामागोमाग तीन ईमेल आल्या तेव्हा त्यांनी ब्राउझरची खिडकी बंद केली. त्याने कोड थांबला नाही. सर्व्हरवर सुरू झालेले काम खिडकी बंद केली म्हणून लगेच थांबतेच असे नाही. शेवटी होस्टिंगच्या ताशी ईमेल मर्यादेने ओघ अडवला. तोपर्यंत बहुतेक वाचकांकडे पाच-सहा ईमेल गेल्या होत्या, काहीशे ईमेल पुढच्या तासाच्या रांगेत उभ्या होत्या आणि लेखांचे स्लग काही जुने, काही नवे अशा अवस्थेत अडकले होते.

केलेली कारवाई

मला फोन आला तो या क्षणी. पहिला प्रश्न क्रमाचा होता : आधी काय थांबवायचे? लेखिकांचा कल दुवे सावरण्याकडे होता, कारण ती मूळ अडचण होती. मी ईमेलची रांग आधी रिकामी करण्याचा आग्रह धरला. दुवे आणखी एक दिवस तुटलेले राहिले असते तर नुकसान फार वाढले नसते. रांगेतल्या ईमेल तासाभरात सुटल्या असत्या आणि त्या परत घेता आल्या नसत्या. होस्टिंगच्या मदत विभागाला सांगून रांग पुसून घेतली, प्लगइनचे फोल्डर दुसऱ्या नावाने ठेवून बंद केले, आणि नंतरच बाकीचे पाहिले.

त्यानंतर वाचकांना काय सांगायचे हा निर्णय आला. लेखिकांना त्याच रात्री क्षमा मागणारी ईमेल पाठवायची होती. सहा ईमेल गेलेल्या माणसाला सातवी पाठवणे मला धोक्याचे वाटत होते. साइटवर सूचना लावणे पुरेसे आहे असे माझे मत होते. त्यांनी मधला मार्ग काढला. एक दिवस थांबून, चार ओळींची ईमेल हाताने पाठवली, त्यात काय झाले ते साध्या शब्दांत सांगितले आणि यादीतून नाव काढायचे असल्यास कसे कळवावे हेही लिहिले. मागे वळून पाहता त्यांचा निर्णय माझ्यापेक्षा चांगला होता, असे मला वाटते. अनेकांनी आपुलकीने उत्तर दिले. काही वाचकांनी मात्र नाव काढून घेतले.

दुव्यांसाठी आम्ही सर्व जुने स्लग बॅकअपमधून परत आणण्याचे ठरवले आणि मधल्या काळात फिरलेले रोमन दुवे जुन्यांकडे वळवले. जुने लेख रोमन लिपीत नेण्याचा मूळ हेतूच सोडून दिला. यावर लेखिका काही काळ नाराज होत्या. परंतु वर्षानुवर्षे इतरांनी जपलेला दुवा हा एका अर्थाने वाचकाला दिलेला शब्द असतो, हे त्यांना पटले. नवे लेख छोट्या, हाताने दिलेल्या रोमन स्लगने प्रसिद्ध करायचे ठरले.

हे काम प्रथम साइटच्या प्रतिकृतीवर केले. येथे आणखी एक खड्डा होता. प्रतिकृतीत यादीही जशीच्या तशी येते, तिच्यातले वाचक खरेच असतात आणि प्रतिकृतीवरून सुटलेली ईमेल त्यांनाच मिळते. म्हणून प्रतिकृतीवर ईमेल पाठवण्याची सोय आधी पूर्ण बंद केली. नंतर वीस-वीस लेखांच्या गटांत, प्रत्येक बदलाची आधीची आणि नंतरची नोंद फाइलमध्ये ठेवत, काम पूर्ण केले. एक गोष्ट तरीही निसटली. ‘अपडेट-पोस्ट’ फंक्शन लेखाची ‘शेवटचा बदल’ ही तारीखही बदलते आणि थीम ती तारीख दाखवत होती, त्यामुळे अनेक वर्षांपूर्वीचे लेख आजच सुधारल्यासारखे दिसू लागले. प्रतिकृतीवर ते लक्षात आल्यामुळे मूळ साइटवर बदल करताना तारखा जपता आल्या.

हा सगळा दुरुस्तीचा कोडही एआय सहायकानेच लिहिला. फरक विनंतीत होता. साइटवर आधीपासून असलेला प्रत्येक स्वतःचा कोड आम्ही संभाषणाच्या सुरुवातीला दिला आणि कोड मिळाल्यावर दर वेळी तेच प्रश्न विचारले : हा दुसऱ्यांदा चालला तर काय होईल, मध्येच थांबला तर काय उरेल, याच घटनेवर साइटवर आणखी काय बांधलेले आहे, आणि हा कोण चालवू शकतो. कुतूहलापोटी मी ईमेलचा मूळ कोड एका कोऱ्या संभाषणात देऊन विचारले की प्रसिद्ध लेख दुरुस्त करून पुन्हा जतन केला तर काय होईल. दोष पहिल्याच उत्तरात अचूक सांगितला गेला. आवश्यक ज्ञान सहायकापाशी होते. ते मागणारा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

निष्पत्ती

तीन आठवड्यांत साइट स्थिर झाली. वाचनकाळ आणि उतारा यांचा कोड तसाच चालू आहे. ईमेलचे काम एका स्वतंत्र ईमेल सेवेकडे दिले आहे. नाव काढण्याचा दुवा प्रत्येक ईमेलमध्ये आपोआप येतो आणि लेख तयार झाल्यावर ‘पाठवा’ हे बटण लेखिका स्वतः दाबतात. म्हणजे पूर्ण स्वयंचलन सोडून दिले आहे. हाताने करायच्या कामातला बहुतेक वेळ तरीही वाचला आहे, कारण मजकूर आणि दुवा भरलेला मसुदा आपोआप तयार होतो आणि उरते ते फक्त शेवटचे बटण.

दोन-तीन महिन्यांनंतरही शोधयंत्रांच्या निकालांत मधल्या काळातले काही रोमन दुवे दिसत होते. ते योग्य लेखांकडे वळत असल्यामुळे वाचकांना त्रास झाला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, दुव्यांच्या विनंतीत ‘सर्व’ हा शब्द नको होता. नव्या लेखांपुरती मागणी असती तर डेटाबेसला हात लावण्याची वेळच आली नसती. सहायकाने ‘जुन्या लेखांचेही का?’ असे विचारले नाही, आणि त्याने विचारावे अशी अपेक्षा ठेवणे सध्या तरी सुरक्षित नाही. काम सांगणाऱ्यानेच तो प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

साइटवरच्या स्वतःच्या कोडची एक पानभर यादी असायला हवी होती : कोणता तुकडा कोणत्या हूकवर बसतो, डेटाबेसमध्ये लिहितो का, साइटबाहेर काही पाठवतो का. प्रोग्रॅमरच्या डोक्यात ही यादी नकळत असते, कारण तो कोड त्याने स्वतः लिहिलेला असतो. एआयकडून कोड घेणाऱ्याच्या डोक्यात ती नसते आणि नव्या संभाषणातल्या सहायकापाशीही नसते. मग दोघांमध्ये ती कोणाकडेच राहत नाही. या प्रकरणात दोन्ही तुकडे आपापल्या जागी काम करत होते आणि त्यांची गाठ पडेल हे पाहणारे कोणी नव्हते. लेखिकांनी आता ही यादी केली आहे आणि प्रत्येक नव्या संभाषणात ती प्रथम चिकटवतात.

ईमेलच्या कोडमध्ये, योग्य हूक वापरला तरी, प्रत्येक लेखापुढे ‘ईमेल पाठवली’ अशी खूण ठेवणे आवश्यक होते. लेख काही कारणाने मसुद्यात परत नेऊन पुन्हा प्रसिद्ध केला तर स्थितीची तुलनाही फसते. खूण फसत नाही. शिवाय एका तासात एकापेक्षा जास्त लेखांची ईमेल जाणार असेल तर थांबून विचारावे, अशी साधी मर्यादा कोडमध्येच घालता आली असती. होस्टिंगच्या मर्यादेने जे काम योगायोगाने केले ते आपल्या कोडने ठरवून करायला हवे होते.

माझ्या स्वतःच्या भागात एक त्रुटी राहिली. फोनवर मी प्लगइन बंद करायला सांगितले, पण फाइलींची त्या क्षणीची प्रत काढून ठेवायला सांगितले नाही. घाईत लेखिकांनी दुव्यांचा पहिला कोड पुसून टाकला होता आणि ‘काळ’ व ‘काल’ यांसारख्या आणखी किती जोड्या एकाच स्लगवर आल्या होत्या हे शोधायला आम्हाला सर्व शीर्षके पुन्हा एकेक करून ताडून पाहावी लागली. अशा आणखी तीन जोड्या निघाल्या.